पहिल्या नवऱ्याच्या कबरेचा चुना

पिराजी रंगाऱ्याला जिवंत माणसाचा हेवा कधी वाटला नाही. बेंगळूरच्या राजाजीनगरात नवी घरं उठत होती, जयनगरात त्याहून ऐसपैस, आणि त्यातल्या कितीतरी भिंतींना त्याचा हात लागला होता. पण आपल्याला असं घर नाही म्हणून त्याचं पोट दुखलं नाही. त्याचा सगळा जळफळाट एका मेलेल्या माणसावर होता. तो माणूस म्हणजे त्याच्या बायकोचा पहिला नवरा, कृष्णाजी मास्तर.

पिराजी मूळचा बेळगावकडचा. एक्कावन्न साली कुंचा आणि बादली घेऊन बेंगळुरात आला. दोन वर्षांनी, चाळिशीला टेकल्यावर, मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या कस्तुराबाई नावाच्या विधवेशी चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याचं लग्न जुळवलं. बाई सुगरण, मायाळू, तोंडात उलटा शब्द नाही. पिराजीला वाटलं, आपलं नशीब उघडलं. ते उघडलंच होतं, फक्त त्या दारात मास्तर आधीच उभे होते.

मास्तर रविवारच्या शाळेत शिकवायचे, पेटी वाजवायचे, आणि गळा असा की उपासनेला आलेली पोरंसुद्धा गप्प बसायची. मंडळीत कुणीही गीत गायलं की म्हातारी माणसं म्हणायची, छान झालं, पण मास्तर असते तर. पिराजीचा आवाज मात्र कोरड्या भिंतीवर कुंचा घासावा तसा. सवत जिवंत असली तर बाईला भांडता तरी येतं. मेलेल्या नवऱ्याशी भांडणार कसं? तो म्हातारा होत नाही, खोकत नाही, आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवत नाही.

तरी झालं गेलं पिराजीनं गिळलं असतं. त्याला छळत होतं ते पुढचं. कस्तुराबाई देवाच्या राज्याबद्दल असं बोलायची, जणू सुट्टीत माहेरी जायचं आहे आणि गाडीची वेळ तेवढी कळायची राहिली आहे. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, कबरी उघडतील, मेलेले उठतील, मग मरण नाही, रडणं नाही, आणि आपली सगळी माणसं भेटतील. ‘आपली सगळी माणसं’ म्हणताना तिचे डोळे चमकायचे आणि पिराजी अर्ध्या जेवणावरून उठायचा.

तो नास्तिक असता तर सुटला असता. पण त्याचाही या सगळ्यावर पक्का विश्वास होता, तीच तर पंचाईत. त्याला ते सगळं लख्ख दिसायचं. मास्तर धुतलेल्या धोतरात उठतील, पेटी पुढ्यात ओढतील, ‘कस्तुरा’ म्हणून हाक मारतील, आणि ही जाईल. आपण बादली घेऊन कुठेतरी भिंतीशी उभे असू.

एकदा न राहवून त्यानं पाळकसाहेबांना विचारलंच, की दोनदा लग्न झालेली बाई तिथं कुणाची? साहेबांनी शांतपणे समजावलं, तिथं लग्नं नाहीत, नवराबायको नाहीत, सगळी देवाची लेकरं. पिराजीला इतका आनंद झाला की त्यानं साहेबांचे हात धरले. मास्तरांची बायको गेली! फाटकापर्यंत आला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपलीही गेली. त्या दिवशी त्यानं जयनगरातल्या एका बैठकीच्या खोलीला चुकून स्वयंपाकघराचा रंग दिला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मंडळी कबरींना चुना लावायची आणि रविवारी पहाटे तिथंच उपासना व्हायची. मास्तरांची कबर होसूर रोडच्या कबरस्तानात. घरातच रंगारी असताना दुसऱ्या कुणाला कशाला सांगायचं? दहा वर्षं पिराजीनं आपल्या हातानं त्या कबरेला चुना दिला. लोक म्हणायचे, केवढं मोठं मन. तो मूग गिळून दुसरा हात मारायचा.

त्रेसष्टच्या ईस्टरआधी कस्तुराबाईनं प्रार्थनेला मास्तरांचं आवडतं गीत म्हटलं, आणि सगळ्यांसमोर तिला रडू आलं. मग मात्र पिराजीचं डोकं फिरलं. शनिवारी त्यानं चुना कालवला, वर दिसायला नीळही घातली, पण डिंक घातला नाही. डिंकाविना चुना धरत नाही, हाताला येतो, हे रंगाऱ्याला कुणी शिकवायला नको. त्यातून संध्याकाळी वळवाची सर आली.

पहाटे सगळ्या कबरी पांढऱ्या, आणि मास्तरांची तेवढी ओघळलेली, मळक्या धोतरासारखी. कस्तुराबाई नेहमीसारखी तिच्यावर हात टेकून उभी राहिली. हात उचलला तर तळवा पांढरा. तिनं तळव्याकडे पाहिलं, मग पिराजीकडे, मग पदराला हात पुसून ती गाऊ लागली.

घरी येताना पिराजी पुटपुटला, की औंदा चुनाच खराब निघाला. “सरी,” ती कानडीत म्हणाली, म्हणजे बरं. तो विषय तिथंच संपला, आणि पुढच्या वर्षी पिराजीनं गुपचूप दुप्पट डिंक घातला.

पासष्ट साली कस्तुराबाईच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते दोघांनाही कळलं. पिराजीनं काम सोडलं आणि तिच्या उशाशी बसून राहिला. भीती वाटत होती, माया दाटून येत होती, आणि त्या सगळ्याखाली तो जुना हेवाही धगधगत होता, याची त्याला लाज वाटत होती. एका दुपारी त्यानं विचारलंच.

“तिथं गेल्यावर पयल्यांदा कुणाला बगशील?”

“प्रभूला.”

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथं त्याची काही तक्रार नव्हती. “आनि मग?”

“मग मास्तरांना.”

पिराजी खिडकीकडे बघत राहिला. बारा वर्षं भ्यायला होता तेच ऐकलं, आता ऐकायचं काही उरलं नव्हतं. पण कस्तुराबाईचं बोलणं संपलं नव्हतं, तिला फक्त दम लागला होता.

“त्यांना सगळं सांगायचं हाय. तुमी कसं सांबाळलासा, ते. कधी टाकून बोलला न्हाईसा, ते.” ती जरा थांबली. “चुन्यात डिंक घातला नव्हतासा, तेवढं न्हाई सांगणार.”

पिराजीला मान वर करवेना.

“ते तुमी आलासा की तुमीच सांगा.”

इतकी वर्षं त्यानं त्या राज्यात स्वतःला कुठं उभं केलं होतं, तर भिंतीशी. तिनं मात्र त्याला केव्हाच आत धरलं होतं, एक चूक कबूल करायला का होईना. तो तिचा हात कपाळाला लावून पोरासारखा रडला.

“आनि रागावले तर?” त्यानं विचारलं.

“मी हाय की तिथं,” ती म्हणाली.