बाकावरची बारावी जागा

"पाय आधी विहिरीवर धुऊन आण सगळ्यांचे. देवळात वास यायला नको," थोरले पंच मला म्हणाले.

गुड फ्रायडेचा आदला दिवस. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आमच्या देवळात त्या दिवशी ख्रिस्ती मंडळीचे प्रमुख, थोरले पंच, बारा माणसांचे पाय धुवायचे. आणि त्यांनी धुण्याआधी ते पाय मी धुवायचे. अशी रीत होती. सांगलीजवळचं गाव. इंग्रज आता जाणार, असं जो तो म्हणत होता. पंच पाटलाच्या घरातून ख्रिस्ती झालेले, उसाच्या रानाचे मालक. आम्ही ढोर. कातडी कमावणारे. मीही ख्रिस्तीच. वय विशीचं, देवळाची राखण करायचो.

उपवासकाळाचे चाळीस दिवस मी मटण सोडलं होतं. चहा बिनसाखरेचा. रोज पहाटे प्रार्थना. आतून नवा माणूस होतोय, असं वाटत होतं मला.

विहिरीवर अकरा जणांचे पाय धुऊन झाले. बारावा माझा मामा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, शिकवलं. जन्मभर बाभळीच्या सालीच्या पाण्यात उभा राहिलेला माणूस. पाय घोट्याच्या वरपर्यंत तांबडे-काळे. राखेनं घासले, खापरानं घासले. रंग हलेना.

"लय घासू नगंस रं," मामा हसला. "कातडं निघंल. मग ते बी कमवाया लागंल."

देवळात बाक मांडलं होतं. पंच घंगाळ घेऊन एकेकाचे पाय धूत आले आणि मामाच्या पायांपाशी थांबले. उपरणं नाकाला लावलं. सगळ्या मंडळीदेखत म्हणाले, "हे असले पाय? ऊठ." मग माझ्याकडे बघून, "तू बस रे याच्या जागी."

मामा उठला. "बस गड्या," एवढंच म्हणाला. भिंतीला टेकून उभा राहिला, पाय धोतरात झाकून घेत.

आणि मी बसलो.

पंचांनी माझ्या पायांवर चार थेंब शिंपडले. गीत झालं. लोक आमेन म्हणाले.

मग मागच्या खोलीत पंचांनी साबणाची वडी घेतली आणि हात माझ्यापुढे धरले. "ओत."

मीच घासून दिलेल्या पायांना शिवले होते ते हात. मला शिसारी आली. त्यांची आलीच. त्याआधी माझी आली. चाळीस दिवसांचा उपास घशाशी आला. मी तांब्या खाली ठेवला.

"ओतणार न्हाई."

"काय म्हणालास?"

"तुमचं तुमी वतून घ्या."

काम गेलं. मी पंचांच्या हातावर पाणी ओतलं नाही, लोकांना ठाऊक आहे ते एवढंच. पन्नासावर वर्षं झाली, दर उपवासकाळात तरुणांना माझी ही गोष्ट सांगतात. मी मान खाली घालतो. त्यांना तो नम्रपणा वाटतो. मी बाकावर बसलो होतो, हे मी कुणाला सांगितलंच नाही. पाहणारे एकेक करून गेले.

मामा पुन्हा देवळात आला नाही. "पाय दुखत्यात," म्हणायचा. मी दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्यात बदल झाला, पण अर्धाच. पंचांची घाण मी बोलून दाखवली. माझी झाकून ठेवली.

यंदा मंडळीनं बाकावरचा पहिला मान मला दिलाय. मी बसणार नाही. येत्या गुरुवारी उभा राहून हे सगळं वाचणार, मामाचं नाव घेऊन. बारावी जागा रिकामी राहील. तिथं मी कुणाला बसू देणार नाही.