बटन दाबलं, पुढे काय?

आमच्या ऑफिसात माझ्या कामाला 'रंगरंगोटी' म्हणतात. सर्व्हर सांभाळणारे ते इंजिनिअर, आणि स्क्रीनवर जे दिसतं ते करणारी मी म्हणजे दारापुढे रांगोळी काढणारी. वीस वर्षं ऐकतेय, आता चिडत नाही.

दसऱ्याच्या आधी एक काम आलं. फूलवाल्या शेतकऱ्यांनी आज किती क्रेट झेंडू निघणार ते मोबाईलवर भरायचं, म्हणजे व्यापारी तेवढीच गाडी पाठवणार. मी स्क्रीनसाठी तीन आठवडे मागितले. साहेब म्हणाले, एक रकाना आणि एक बटन, त्याला तीन आठवडे कशाला? सर्व्हरवाला सहकारी दोन दिवसांत करून देतो म्हणाला, आणि त्याने दिलंही. सोमवारच्या मीटिंगमध्ये तेच पक्कं होणार होतं.

मी भांडले नाही. रविवारी त्याला सायखेड्याजवळच्या आमच्या मळ्यावर भरीत-भाकरी खायला बोलावलं. वांगी भाजेपर्यंत सासूबाईंना तुझं काम दाखव म्हटलं. तो खुशीत उठला.

सासूबाई झेंडूच्या वाफ्यात होत्या. बोटं ओली, डोक्यावर ऊन, आणि चष्मा घरी राहतो म्हणून फोनवरची अक्षरं सर्वांत मोठी केलेली. त्यांनी आकडा टाकला. बटन दिसेना, कारण मोठ्या अक्षरांनी ते खाली ढकललं होतं आणि त्यावर कीपॅड चढून बसला होता. त्याने ते शोधून दिलं. त्यांनी दाबलं. मळ्यात रेंज जेमतेम, त्यामुळे स्क्रीन ढिम्म. त्यांनी पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिल्या.

त्याच्या सर्व्हरने मात्र प्रत्येक दाबण्याची वेगळी नोंद इमानेइतबारे घेतली होती. सहकाऱ्याने आपल्या फोनवर बेरीज दाखवली.

"एवढा झेंडू आख्ख्या सायखेड्यात नाय रे बाबा," सासूबाई म्हणाल्या.

"मावशी, एकदाच दाबायचं असतं."

"दाबलं गेलं हे मला कसं कळणार? बैलाला हाक मारली तर तो निदान कान तरी हलवतो."

मी वांगी सोलत होते. मान वर केली नाही. भाकरी खाताना त्याने ठेचा दोनदा मागून घेतला.

सोमवारी मी तोंड उघडायच्या आत त्यानेच साहेबांना सांगितलं, ताईंना तीन आठवडे द्या. साहेबांनी कारण विचारलं. तो म्हणाला, मळ्यावर जाऊन या.

ते आठवडे कुठे गेले हे सांगायला बसले तर लोक जांभया देतात. बटन कीपॅडच्या वर राहिलं पाहिजे, अक्षरं कितीही वाढली तरी. भर उन्हात दिसलं पाहिजे. दाबताक्षणी त्याने रंग बदलून 'पाठवत आहे' म्हणायचं आणि पुन्हा दाबलेलं मोजायचं नाही. रेंज गेली तर नोंद फोनमध्येच धरून ठेवायची, रेंज आली की मुकाट्याने पाठवायची. आणि हे सगळं त्या तडा गेलेल्या जुन्या फोनांवरही.

दसऱ्याच्या तोडणीला सासूबाईंच्या हातात दिलं. सहकारीही आला होता, भरिताचं निमित्त काढून. त्यांनी आकडा टाकला, एकदा दाबलं, 'पोहोचलं' वाचलं आणि फोन कमरेच्या पिशवीत टाकला.

मी वाट बघत उभी होते. शेवटी विचारलंच, "आई, कसं वाटलं?"

"काय कसं? दाबलं, गेलं." त्या पुढच्या वाफ्याकडे वळल्या. "तू ते कायतरी मोठं काम करणार होतीस ना, ते कधी सुरू करणार?"

सहकाऱ्याला जोराचा ठसका लागला. त्या दिवशी मी त्याला ठेचा वाढला नाही.