कांद्यावर शिकलेला कॅमेरा

आमच्या रविवारच्या कॅमेऱ्याच्या मंडळीत माणसं चार आणि कॅमेरे दोन. शंभर फोटो काढले की नव्वद पुसावे लागतात, हे मी मान्य करते. किस्से मात्र एकही पुसला जात नाही! दर रविवारी एखादा वाढतोच. मग शाळेत मधल्या सुट्टीत मी तो इतक्यांदा सांगते, की आमच्या हेडसरांना कधी न भेटलेल्या माणसांच्या सवयी पाठ झाल्यात. म्हटलं, एकदाचं लिहूनच काढू. थोडी फुशारकी वाटेल. वाटू दे!

आधी मंडळी सांगते. नाना आमचे गुरू. जव्हारला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, रोलच्या जमान्यातला. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी काढली. घरोघरी मोबाईल आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. दिलीपभाऊ सरकारी ऑफिसात क्लार्क. कमळ सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका, दोन जीप बदलून जव्हारला येते. आणि मी खोडाळ्याच्या शाळेतली बाई. मला पटकन राग येतो. पुढे दिसेलच.

* * *

पहिल्याच रविवारी नानांनी कॅमेऱ्यावरची ऑटोची, म्हणजे सगळं कॅमेऱ्यानंच ठरवायची, हिरवी खूण दाखवली. "इथं कुणाचं बोट गेलेलं दिसलं, तर त्यानं सरळ घरी जायचं. आणि तीन महिने माणूस नाही, धबधबा नाही, सूर्यास्त नाही. घरात असेल ते काढायचं." असं म्हणून त्यांनी स्टुलावर एक कांदा ठेवला.

दिलीपभाऊ उखडले. "नाना, लोक ठाण्या-मुंबईहून आपला धबधबा काढायला येतात. आणि आम्ही इथले, आम्ही कांदा काढायचा?"

"धबधब्याला तुझी गरज नाही," नाना म्हणाले. "कांद्याला आहे."

मग आली माझी पाळी. नाना म्हणाले, एफ दोन म्हणजे भिंगामागचं भोक मोठं, एफ सोळा म्हणजे बारीक. मी म्हटलं, "हे कुठलं उलटं गणित! आकडा मोठा आणि भोक लहान? बनवणाऱ्याला कुणी शाळेत घातलं नव्हतं का?" चांगली पाच मिनिटं मी भांडले.

नानांनी शांतपणे विचारलं, "बाई, एका भाकरीचे दोन वाटे केले तर वाटा मोठा, की सोळा केले तर?"

वीस वर्षं मी पोरांना अपूर्णांक शिकवतेय हो. त्या दिवशी एफ सोळावर कांद्याची मागची मुळंसुद्धा स्पष्ट आली आणि माझं तोंड तेवढं उतरलेलं होतं. सोमवारी वर्गात मात्र तेच भाकरीचं उदाहरण मी माझंच म्हणून सांगितलं.

* * *

शटरचा वेग शिकायला नानांनी गृहपाठ दिला, "ठिबकणारा नळ काढून आणा. एकदा थेंब जागेवर थांबलेला, एकदा धार झालेला."

कमळ म्हणाली, "नाना, आमच्या पाड्यावर नळ हाय. पाणी नाय."

उन्हाळा होता. पुढच्या रविवारी ती काय घेऊन आली सांगू? तिची आई सुपात नागली पाखडतेय! एका फोटोत दाणा न् दाणा हवेत सुटा उभा. दुसऱ्यात त्याच दाण्यांचा लालसर पट्टा, वाहता. हात दिसत होते, बांगड्या दिसत होत्या, चेहरा मात्र नव्हता.

"आईचं तोंड कुठंय?" मी विचारलं.

तेव्हा कळलं, ही बाई दोन जीप बदलून का येते ते. तिच्या आईला पेन्शन आहे, त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि आपण जिवंत आहोत हे पटवून द्यायचं. म्हातारीचा रंग काळा कुळकुळीत. गेल्या वर्षी दोनदा परत पाठवलं, चेहरा येत नाही म्हणून. आधार कार्डावरच्या फोटोतही काळा डाग आणि त्यात दोन डोळे, एवढंच. तेव्हापासून तिनं मनाशी ठरवून टाकलंय, "मी फोटोत येत नाय." घरात कुणी मोबाईल वर केला की पदर तोंडावर.

"एक फोटो काढायचाय, बाई," कमळ म्हणाली. "जो बघून आये म्हणेल, ही मीच."

नाना सुपाचा फोटो बघत होते. मग म्हणाले, "नळ राहू द्या. पुढच्या रविवारी सगळ्यांनी सूप आणायचं."

* * *

दिलीपभाऊंचा किस्सा सांगितला नाही तर ते रुसतील. सांगितला तरी रुसतील!

पावसाळ्यात आमच्याकडे निम्म्या ओट्यांवर निळं प्लास्टिक ताणलेलं असतं. भाऊंनी त्याच प्लास्टिकखाली वहिनींच्या तांदळाच्या भाकरीचा फोटो काढला आणि खुशीत स्टेटसला ठेवला. भाकरी निळी! अर्ध्या तासात माहेरून फोन. "काय गं, पीठ खराब झालंय का? आणि तूही तशीच वाढतेस?"

वहिनींनी फोन ठेवला आणि परात आपटली. "त्या कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवा. मग माझ्या भाकरीला हात लावा!"

भाऊ रागारागात ही हकिकत नानांना सांगायला आले, थोडी सहानुभूती मिळेल म्हणून. नाना ताडकन उठून उभे राहिले. "अरे, हेच तर करायचं असतं! ज्या उजेडात फोटो काढायचा, त्याच उजेडात कॅमेऱ्याला काहीतरी पांढरं दाखवायचं. त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात."

भाऊंनी त्याच प्लास्टिकखाली ताटलीत तांदळाचं पीठ धरलं, कॅमेऱ्याला दाखवलं, आणि भाकरी पांढरीशुभ्र आली. तेव्हापासून आमच्यात अवघड प्रश्न आला की नाना म्हणतात, "वहिनींना फोन लाव."

* * *

तीन महिने पुरे व्हायला दोन आठवडे बाकी होते आणि पावसानं उघडीप दिली होती. आम्ही जव्हारच्या सनसेट पॉइंटवर गेलो होतो, सूर्यास्ताकडे पाठ करून! कठड्यावर कमळनं स्टीलची रिकामी बाटली ठेवली होती आणि तिच्यावरची चमक फोटोतून घालवायची खटपट चालली होती.

शेजारी ठाण्याचे एक गृहस्थ. गळ्यात हा एवढा कॅमेरा, लेन्स माझ्या दंडाएवढी. बायकोला मावळत्या सूर्यासमोर उभं करून फोटोवर फोटो. प्रत्येकात आकाश झकास आणि बायको कोळसा. बायको वैतागली. "माझा काढताय की सूर्याचा?"

गृहस्थ आमच्या बाटलीकडे बघून हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! मी तोंड उघडणार, तेवढ्यात कमळ पुढे झाली. "दादा, तुमचा कॅमेरा उजेडाला भुललाय. बघू जरा?"

त्यांनी गमतीनं दिला. हिनं चकती फिरवून मॅन्युअलवर आणली, त्या बाईंच्या चेहऱ्याजवळ जाऊन उजेड मोजला, आकडे जुळवले, चार पावलं मागे आली आणि एकच फोटो काढला. आकाश पार पांढुरकं झालं होतं, पण बाईंच्या नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. त्या बाई स्क्रीन सोडेनात.

"कुठं शिकलात तुम्ही हे?" गृहस्थांनी विचारलं.

"कांद्यावर," कमळ म्हणाली आणि बाटलीकडे परत गेली.

मी तर तिथंच टाळ्या वाजवल्या. परत येताना नाना तिला म्हणाले, "माणूस काढलास. नियम मोडलास."

"हो नाना."

"मग आता घरी जाऊन आईचा काढ."

* * *

म्हातारी बसेल तर शपथ! "मेल्यावर काढ. तेव्हा पदर घेणार नाय मी."

कमळ म्हणाली, "फोटो नाय काढत गं आये, सेटिंग शिकते. घरातला कांदा संपलाय. तू बस त्याच्या जागी."

यावर म्हातारी जी हसली, ती हसत हसत पाटावर बसली. दाराच्या आत, उजेड तोंडावर, मागे सारवलेली भिंत. कमळला एक सवय आहे, नानांची लागलेली. करते ते सगळं मोठ्यानं बोलते. आता उजेड मोजते, आता भोक मोठं करते, आता वेग कमी करते. म्हातारी ऐकत होती. दहाव्या फोटोनंतर तीच विचारायला लागली, "अंधार आला?" विसाव्यानंतर तिनं स्वतःच पाट हातभर दाराकडे, उजेडात सरकवला.

शेवटी कमळनं स्क्रीन दाखवली. सुरकुती न् सुरकुती, कपाळावरचं गोंदण, रंग जसाच्या तसा. म्हातारीनं बोट लावून पाहिलं. म्हणाली, "काळी हाय. पण दिसते!"

हे सांगताना कमळला रडू आवरेना आणि मलाही.

* * *

आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळा सरल्यावर खोडाळ्याला हयातीच्या दाखल्यांचा कॅम्प होता, शाळेशेजारच्या हॉलमध्ये. दाराकडे पाठ करून एक खुर्ची आणि समोर फोन धरलेले एक साहेब. दाराबाहेर रणरणतं ऊन. रांगेत कमळ आणि तिची आई. मी मधल्या सुट्टीत मुद्दाम गेले होते.

म्हातारी बसली. साहेबांनी फोन वर केला, खाली केला, डावीकडे, उजवीकडे. "आजी, डोळे मोठे करा. आजी, हलू नका. चेहरा येत नाहीये हो." मग कमळकडे वळून, "ताई, यांचं होणार नाही. पुढच्या कॅम्पला आणा."

कमळ बोलायला पुढे झाली. म्हातारीनं हातानंच तिला थांबवलं. उठली, खुर्ची उचलली, फिरवली आणि दाराकडे तोंड करून बसली. पदर मागे सारला. साहेबांना बोटानं खूण केली, तू इकडं येऊन उभा राहा. साहेब आले बिचारे. रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली.

फोनवर हिरवी खूण उमटली. पहिल्याच झटक्यात!

साहेब खूण बघतायत, म्हातारीला बघतायत. "आजी, झालं की हो!"

म्हातारी सावकाश उठली. "साहेबा, मी जिती हाय ते मला आधीपासून ठाव व्हतं," ती म्हणाली. "आता तुझ्या फोनला कळलं."