यमुनाक्का आणि माझी माफी

यमुनाक्का मुलींच्या खोलीत शिरण्यापूर्वी दार वाजवायच्या आणि आतून परवानगी मिळेपर्यंत थांबायच्या. दार सताड उघडं असलं तरी. हेब्बाळच्या बालगृहात मी व्यवस्थापक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्या अशाच एका उघड्या दारापुढे धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन उभ्या होत्या. आत सहा वर्षांची मुलगी विचार करत होती. चार मिनिटं गेली. मला वाटलं, बाईंना ऐकू कमी येतं.

त्या तिथल्या गृहमाता. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं की पुण्याहून आलेल्या मला निम्मंच कळायचं. "सर, तुम्ही स्वल्प घाई करता," हे मात्र रोज कळायचं.

एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी मी सगळी कपाटं साफ करायला घेतली. भाग्या नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या कपाटात फ्रॉकखाली वाळलेल्या चपात्या निघाल्या. मुंग्या लागलेल्या. मी त्या तिच्यादेखत कचऱ्यात टाकल्या आणि स्वच्छतेवर थोडं बोललोही. आमच्याकडे येण्यापूर्वी तिला उपाशी कोंडून ठेवलं जायचं, हे तिच्या फायलीत लिहिलं होतं. फायलीवर माझी सही होती. मी ती वाचली नव्हती.

तपासणीत आमच्या स्वच्छतेचं कौतुक झालं. भाग्याने जेवण सोडलं.

दोन दिवस झाले. उद्याही खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्कांनी तिला विचारून तिच्या कपाटात ताज्या चपात्यांचा झाकणाचा डबा ठेवला. तिने हात लावला नाही. मग अक्का माझ्या टेबलापाशी आल्या.

"काय हो सर, माफी मागायला कधी जाताय?"

"मी? एवढ्याशा मुलीची?"

"मग काय, तपासणीवाल्यांनी मागायची?"

मी गेलो. दार वाजवलं. मोडक्या कन्नडमध्ये म्हणालो, "भाग्या, त्या चपात्या तुझ्या होत्या. माझं चुकलं. माफ करशील?"

"बेडा," ती म्हणाली. म्हणजे नको.

परत येऊन मी अक्कांना सांगितलं, "नाही म्हणाली."

"तोंडावर म्हणाली?"

"हो."

"सरी," अक्का म्हणाल्या. म्हणजे ठीक. "आता जेवेल."

संध्याकाळी ती जेवली. दोन चपात्या खाल्ल्या, दोन डब्यात ठेवल्या.

माझ्या मते विषय संपला होता. अक्कांच्या मते नव्हता. "मोठ्या माणसाला नाही म्हटलं आणि मार बसला नाही, हे एकदाच झालं तर तिला वाटेल चुकून झालं. उद्या परत जा."

मी रोज साडेचारला जाऊ लागलो. रोज 'बेडा'. इतर मुली वाटेत विचारायच्या, "सर, आज काय म्हणाली?" चौथ्या आठवड्यात भाग्याने गृहपाठातून मान वर न करताच नकार दिला, तेव्हा अक्का खूश झाल्या. "बघा, तुमची भीती गेली तिची." माझ्या नोकरीतली ही एकमेव प्रगती, जिची नोंद मी कुठल्या अहवालात केली नाही. कारण काय लिहायचं ते मला कळेना.

गेल्या वर्षी यमुनाक्का गेल्या. भाग्या आता नर्सिंग शिकते. अंत्यविधीला ती आली होती. स्मशानाबाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. ही वेळ नव्हती, पण मी विचारलं.

तिने खरोखर विचार केला. "अजून नाही, सर."

"सरी," मी म्हणालो.

मग तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर मला जागा केली.