कोहळ्याचा सूर्य आणि जावईबापूंचा प्लूटो

आमच्या घराण्याने एकदा सूर्यमाला उभी केली होती. ती साधारण वीस मिनिटं टिकली. (खरी सूर्यमाला कोट्यवधी वर्षं टिकून आहे म्हणतात, पण तिच्यात आमचे नातेवाईक नाहीत!)

सानगडीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. त्यातला एकच प्रयोग साकोलीला तालुक्याच्या प्रदर्शनात जाणार होता, आणि माझी सातवीतली तन्वी त्यासाठी महिनाभर झुरत होती. गेल्या वर्षी तिचा ज्वालामुखी ऐनवेळी फुसका निघाला आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. यंदा काहीही करून साकोलीला जायचंच, हे तिचं ठरलं होतं. बिचारीनं थर्माकोलच्या गोळ्या रंगवून छान सूर्यमाला केलीही होती. मी ती पाहिली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे काय वं? गुरू आन् पृथ्वी एकाच मापाचे? मधात वीतभर अंतर? सूर्यमाला व्हय का लग्नातले लाडू?"

"बाबा, सगळे असंच करतेत."

"सगळे गाढव आहेत म्हून आपणही रेकाचं काय?"

मी सरकारी कारकून आहे. आमच्या गावात डोकं चालवणारा माणूस मी एकटाच, अशी माझी पक्की समजूत होती. बाकीच्यांचं काय? धान लावा, मासे धरा, पाहुणे जेवू घाला. आकाशाकडे पाहायचं ते पाऊस येतो का बघायला! तेव्हा मी कागद घेऊन बसलो. सूर्य म्हणजे फूटभर रुंदीचं लाल कोहळं (तांबडा भोपळा) धरलं, तर पृथ्वी निव्वळ मोहरीचा दाणा, आणि तोही कोहळ्यापासून चाळीसेक पावलांवर. मंगळ राजगिऱ्याचा दाणा. गुरू म्हणजे लिंबू, शनी म्हणजे आवळा, आणि नेपच्यून नावाचा वाटाणा तर गावाबाहेर, जवळजवळ किलोमीटरभर लांब, तलावाच्या पाळीवर! त्या थर्माकोलवाल्यांची तोंडं कशी पडतील, या कल्पनेनं मी जेवता जेवता एकटाच हसत होतो.

"दाणे रस्त्यावर ठेवसाल तं कोंबड्या खाऊन टाकतीन ना जी," सुलभा म्हणाली. सुलभा म्हणजे माझी बायको. तिचं विज्ञान असं स्वयंपाकघरातलं!

मग ठरलं, की प्रत्येक ग्रह ताटात ठेवायचा आणि ताट धरून एकेका नातेवाइकानं उभं राहायचं.

"बाबा, आठ जण लागतीन," तन्वी म्हणाली.

"नऊ! नवग्रह म्हणतेत का अष्टग्रह म्हणतेत? प्लूटो कोण धरल, तुहा मास्तर?"

"पण प्लूटो आता ग्रह नाही बाबा, पुस्तकात…"

"पुस्तकवाल्यायले काय कळते! मी शिकलो तवा होता ना? मंग आहे!"

पोरगी कामाला लागली. दाणे निवडून तिनेच आणले, चिठ्ठ्या तिनेच लिहिल्या, आणि पावलं मोजायला अर्थातच मी तिलाच पाठवलं. मी ओट्यावरून आकडे ओरडत होतो.

प्रदर्शन शनिवारी सकाळी होतं. घरची माणसं शाळेच्या फाटकाशी जमली आणि मी ग्रह वाटायला घेतले. मंगळाचं ताट मोठ्या भावाच्या प्रीतीला दिलं, तशी वैनी धावत आल्या.

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का? पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले, आन् तुम्ही भर रस्त्यात तिच्या हाती मंगळ देऊन राहिले?"

"वैनी, तो राजगिऱ्याचा दाणा आहे!"

"दाणा असो का डोंगर असो. गावभर होईन ना, प्रीतीले मंगळ आहे म्हून! तिले शुक्र द्या. शुक्र चांगला राह्यते."

दिला बाप्पा शुक्र! हा घोळ निस्तरतो तोच शनीचा नंबर लागला. चार चुलतभाऊ होते. चौघांनीही हात मागे घेतले, जणू मी ताटात आवळा नाही, विंचू ठेवला होता! त्यातून वार शनिवार!

"अरे, शिकलेसवरलेले ना तुम्ही? कायले भेता? आवळा आहे तो!"

"मंग तुम्हीच धरा ना," सुलभा म्हणाली.

"मी सूर्यापाशी आहो! सूर्य सोडून कसा जाऊ?" (माझी साडेसाती चालू होती. ती गोष्ट वेगळी!)

शेवटी शनीचं ताट हापशीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. प्लूटोला मात्र माणूसच उरला नाही. उरले ते आमचे जावईबापू, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान. वरठीहून दोन दिवस पाहुणे म्हणून आले होते. बहीण माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, "दादा, जावयाले गावाच्या बाहेर उभं करतं काय?"

"अवं, शेवटचं ठिकाण सगळ्यात मानाचं राह्यते!" मी ठोकून दिलं. जावईबापू खूष झाले. इस्त्रीचा सदरा घालून मोटरसायकलवर बसून प्लूटोला गेले.

मी कोहळं टेबलावर मांडलं, शेजारी खुर्ची टाकली आणि परीक्षक मॅडमची वाट पाहत बसलो. आतल्या वर्गात थर्माकोलच्या सहा सूर्यमाला होत्या. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

इकडे सूर्यमाला सुटायला लागली. ऊन लागून पोरीचा रंग उतरेल म्हणून वैनींनी शुक्राला कडुलिंबाच्या सावलीत, म्हणजे सूर्याच्या उलट्या बाजूला नेलं. बुध चहाला गेला. नेपच्यून पाळीवर उभा होता तो जाळं ओढणारे दिसताच ताट ठेवून तलावात उतरला. हापशीवरचा शनी शेळीनं खाल्ला! आणि सांगायला लाज वाटते, पण ती बातमी आली तेव्हा आमच्या सबंध खानदानानं सुटकेचा श्वास सोडला. सूर्यापाशी बसलेल्यानंसुद्धा!

तेवढ्यात फटफट करत जावईबापू परत आले.

"भाऊसाहेब, तिकडं कुत्रं विचारून नाही राहिलं! जावई आहो का धानातलं बुजगावणं?" असं म्हणून ते माझ्याच खुर्चीत बसले. बहिणीनं लगेच चहा आणून दिला. सूर्याला खेटून प्लूटो बशीतून चहा फुरकतो आहे, अशा मुहूर्तावर परीक्षक मॅडम आल्या!

"सूर्यमालेत ग्रह किती?" त्यांनी तन्वीला विचारलं.

"नऊ!" मी ओरडलो.

"आठ, मॅडम," तन्वी हळूच म्हणाली. "प्लूटोला आता बटुग्रह म्हणतात. तो ग्रह नाही."

जावईबापूंनी बशी टेबलावर आपटली. "म्हणजे? मैलभर पाठवलं आन् वरून ग्रहच नाही म्हणता? चाल वं, पिशवी भर! आत्ताच्या आत्ता वरठीले निघू!"

बहीण रडायला लागली. वैनी तिला समजावायला धावल्या. मी जावयाला आडवा झालो, त्या गडबडीत टेबलाला धक्का लागला आणि सूर्य गडगडत जाऊन फाटकाशी फुटला, दोन फाका झाल्या. आतले थर्माकोलवाले खिडकीला लोंबकळून हसत होते. तन्वीकडे पाहिलं, तर तिचे डोळे भरून आलेले. गेल्या वर्षी निदान ज्वालामुखी तरी तिचा स्वतःचा होता!

पोरीनं बाहीनं डोळे पुसले. "मॅडम, माझ्यासोबत चालता का थोडं?"

त्या निघाल्या. मी गुन्हेगारासारखा दहा पावलं मागे. चाळीसेक पावलांवर सुलभा मोहरी घेऊन उभी होती. अख्ख्या घराण्यात जागेवर राहिलेली ती एकटीच!

"ही पृथ्वी," तन्वी म्हणाली. "सूर्याचा उजेड इथे यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो."

"आणि पुढचे ग्रह?"

पुढे नुसता रस्ता होता. मी डोळे मिटून घेतले.

"पुढे खूप चालावं लागेल, मॅडम, आणि बहुतेक काहीच दिसणार नाही. अवकाश असंच असतं, जवळजवळ सगळं रिकामं. गुरू दोनशेवीस पावलांवर आहे. चित्रात सगळे ग्रह जवळजवळ काढतात, म्हणून ते रिकामपण कधी कळतच नाही."

मॅडम खरंच दोनशेवीस पावलं चालल्या. गुरू धरलेला चुलतभाऊ केव्हाच पसार झाला होता, पण लिंबू तिथल्या एका ओट्यावर होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. फाटकातलं फुटकं कोहळं मोहरीएवढं दिसत होतं. मग उभ्याउभ्याच वहीत गुण लिहिले.

तन्वीची साकोलीसाठी निवड झाली. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "दाणे कोणी निवडले?"

"मी."

"चिठ्ठ्या? पावलं?"

"मीच."

"मग बाबा काय करत होते?"

मी छाती पुढे काढली. तन्वीनं माझ्याकडे पाहिलं, प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "बाबा बोलत होते, मॅडम."

वीस वर्षं झाली नोकरीला, पण माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन माझ्या गोपनीय अहवालातही आजवर कोणा साहेबाला जमलेलं नाही!