अर्धा कोयता

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीला आमच्यात एक कोयता म्हणतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्याला मुकादम सहसा ठेवत नाही, कारण एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळी बांधायची, असं हे काम आहे.

त्या साली आमची टोळी शिरोळकडे उतरली होती. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून चढताना माझ्या नवऱ्याचा पाय सरकला आणि कंबर गेली. तो पाचटाच्या कोपीत पडून होता. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, तर निघायच्या आधीच गावाकडं संपली होती.

लेक नववीत होती. गावी तिला ठेवायला कुणी नाही म्हणून बरोबर आणलेली. चुली पेटल्या की ती मोबाईलवरची गोष्ट मोठ्यानं वाचायची आणि भाकरी थापता थापता सगळी टोळी ऐकायची. गोष्ट फार पुढच्या काळातली होती. एक कंपनी माणसांना यानात झोपवून लांबच्या ग्रहावर खाणीत न्यायची. जाण्याचं भाडं, जेवण, श्वासाची हवासुद्धा त्यांच्या नावावर चढायची. ते फिटेपर्यंत परत यायचं नाही.

"हवा बी इकत?" आमच्यातली म्हातारी म्हणाली. "मंग निजल्यावर कमी घ्यावी की."

"आत्ये, तू घोरतीस. तुला दुप्पट लागंल," कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. लेकही हसली.

मग गोष्टीत एका माणसाचा हात यंत्रात तुटला. कंपनीनं निरोप धाडला, त्याच्या जागी त्याची मुलगी खाणीत उतरेल. लेक वाचता वाचता थांबली. "आता तिनं काय करावं?"

"काय म्हंजी? उतरायचं," एकजण म्हणाला. "बापानं घेतलंय ना? शब्द हाय."

"न्हाईतर त्याच्या वाटणीचं दुसऱ्यांनी वढायचं व्हय?" दुसरा म्हणाला.

"बराबर हाय," नवरा आतून पडल्या पडल्या बोलला. मलाही ते बरोबर वाटलं.

मुकादम मागं मोटारसायकलीवर बसून ऐकत होता. तो पुढं आला. "बापाच्या जागी पोरीनं उतरायचं, समद्यांनी तोंडानं कबूल केलं, ऐकलंय मी. हिचा बी बाप पडलाय. आन् ह्या गड्याची बायको वारल्यापास्नं त्यो अर्धाच हाय. लगीन लावून टाका. कोयता पुरा. त्यांचं काम तुमच्या उचलीत धरतो."

तो गडी आमच्याच टोळीतला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. मान खाली घालून तंबाखू मळत होता. टोळीत चारचौघांत बोललेलं कुणी मागं घेत नाही, तशी रीतच आहे. लेक माझ्याकडं बघत होती.

मी मुकादमाशी कधी बोलले नव्हते. नवराच बोलायचा. मी पदर तोंडाशी धरला आणि जमिनीकडं बघून म्हणाले, "गोष्टीतली पोर कामाला उतरली. तिचं लगीन करा असं कुणी म्हटलं न्हाई."

"मोठ्यानं बोला, वहिनी."

"मी तोडते. ही मोळी बांधंल. आमचा मायलेकींचा एक कोयता धरा."

"दोन बायांचा कोयता? असला कोयता कुठं बघितलाय का?"

"का रं," म्हातारी म्हणाली, "उसाला कळतंय व्हय कोण तोडतंय ते?"

मुकादम हसला. "बघू. गाडी भरायला उशीर झाला तर मंग माझं ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी लेकीला उसाच्या फडात नेलं. बापाचा शर्ट तिला गुडघ्यापर्यंत येत होता. उसाच्या धारदार पानांनी तिची मान ओरखडली. तिनं बांधलेली पहिली मोळी उचलताच सुटून पायावर पडली. ती रडली नाही, परत गोळा करायला लागली.

दुपारी पाणी पिताना तिनं विचारलं, "आये, परीक्षेला जायाचं न्हाई का मी?"

गाडी अर्धी रिकामी होती आणि मुकादम बांधावर उभा होता. मी तिचे हात धरले आणि मोळी बांधायला वाढ्याचा, उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, पीळ घट्ट कसा घालायचा ते पुन्हा दाखवलं.