विहिरीत उतरण्याआधीचे नऊ प्रश्न

जानेफळजवळच्या आमच्या शेतात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, दारामागे पत्र्याचा एक तुकडा खिळ्याला टांगलेला आहे. दीड फूट बाय एक फूट. त्यावर पांढऱ्या रंगात नऊ प्रश्न लिहिलेले आहेत. अक्षर आजोबांचं, म्हणजे आमच्या आबाजींचं. माझ्या आठवणीत त्यावर दोनदा रंग फिरला. दुसऱ्यांदा मीच फिरवला, आणि त्यांच्या वळणाबाहेर कुठे गेलो नाही.

आजोबा महायुद्धात वैमानिक होते, ब्रह्मदेशाच्या बाजूला. लढाईबद्दल फारसं बोलत नसत. परत येऊन शेती धरली, पण गावानं त्यांना शेवटपर्यंत ‘पायलट’च म्हटलं. विमानातली एक सवय मात्र त्यांनी सोबत आणली होती. उडण्याआधी यादी मोठ्यानं वाचायची. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं त्या वस्तूला हात लावून मगच उत्तर द्यायचं.

ते परतले त्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यात गाळ काढायला उतरलेला माणूस विहिरीत गुदमरून गेला. त्याला काढायला उतरलेला भाऊही गेला. त्यानंतर आजोबांनी हा पत्रा रंगवला. दोर पाहिला का, पट्टा कमरेला आहे का, वर माणसं किती, असे प्रश्न. चौथा काडीपेटीचा. पाचवा कंदिलाचा: पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा आणि तीनशे आकडे मोजायचे. विझला तर कुणी उतरायचं नाही.

लोक आधी हसले. “पायलट, आता विहीर उडवता का?”

“उडवाले कोन चाललं बे? मले खाली गेलेले समदे वर पाह्यजेत.”

आजीला अक्षरओळख झाली ती याच पत्र्यावरून. तिनं पहिला वाचलेला शब्द ‘दोर’. पुढे कितीतरी वर्षं प्रश्न तीच वाचत असे. डोक्यावर पदर, एक हात विहिरीकाठच्या थारोळ्याच्या, मोटेचं पाणी पडायच्या कुंडाच्या दगडावर, आवाज खणखणीत. उत्तर पटकन आलं की ती थांबायची. “हात लावला का? मंग लाव.” गावातल्या इतर विहिरींवरही तिला बोलावणं यायचं. आत्या लग्न होऊन उंद्रीला गेली तेव्हा प्रश्न वहीत उतरवून घेऊन गेली, आणि तिकडच्या मळ्यांतही ते सुरू झाले. आम्ही घरातले तर गावाला निघतानाही गॅस, नळ, कुलूप असं एकमेकांना विचारतो. माझी बायको म्हणते, “झालं? आता विमान सोडा.”

या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी गाळ काढायचा ठरला. उतरणार होता माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. वर दोराला तीन मजूर. वाचायला मी. तीन प्रश्न नीट झाले.

“चार. काडीपेटी?”

“ते सोड. पाच घे.”

“काऊन?”

“या बॅटरीच्या दिव्याले काडी कायले लागते? तू बी आबाजीसारखाच हायेस, दादा.”

मजूर हसले. मीही हसलो आणि पुढे गेलो.

“पाच. कंदील?”

त्यानं दिव्याला हात लावला. “जळून राह्यला.”

दिवा चाळीस फुटांवर तळाला टेकला. मी तीनशे मोजले. खाली लख्ख उजेड होता. बाकीचे प्रश्नही झाले. त्यानं एक पाय पायरीवर टाकला, आणि मी सवयीनं उत्तरं मोजली. आठच भरली.

“थांब. चार राह्यला.”

“अजून तेच घेऊन बसला का दादा? ऊन चढून राह्यलं.”

मला तोवर कारणही नीट सुचलं नव्हतं. फक्त एक उत्तर कमी होतं. मग लक्षात आलं, की कंदील उजेडासाठी नव्हताच. बॅटरीला हवा लागत नाही. ती कुठेही जळते. मी त्याचा दंड धरला आणि एका मजुराला घरी पिटाळलं.

त्यानं काडीपेटी आणि माळ्यावरचा जुना कंदील आणला. दोराला पाच-पाच फुटांवर गाठी आहेत. पाचव्या गाठीपर्यंत ज्योत नीट होती. सहाव्या गाठीला बारीक झाली आणि गेली. पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा सहाव्याच गाठीला गेली.

चुलतभावानं पाय मागे घेतला. पट्टा सोडला आणि थारोळ्यावर बसला. म्हणाला, “दादा, घरी सांगू नको.”

मी घरी सांगितलं. जेवताना काकूनं त्याच्या ताटात दोनदा भाजी वाढली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही कडुनिंबाची मोठी फांदी दोराला बांधून, तळाची कोंडलेली हवा हलावी म्हणून, तासभर खालीवर केली. मग कंदील सोडला. तीनशे झाले, ज्योत टिकली. मी पहिल्यापासून नऊही प्रश्न वाचले. चौथ्याला त्यानं खिशातली काडीपेटी काढून हलवून दाखवली. मग उतरला.

दुपारी चिखलानं भरलेला वर आला. अंघोळीआधी त्यानं पांढरा रंग आणि ब्रश मागितला, आणि पाचव्या प्रश्नाखाली लिहिलं: ‘बॅटरी चालणार नाही.’ ओळ उजवीकडे बोटभर खाली घसरली आहे. मी ती तशीच ठेवली आहे.